थोराड झाडांचे बोनसाय : रोपवाटिकेत उरलेल्या झाडांची गोष्ट

झाड कोवळे आहे तोवरच ते वळते, थोराड झाले की वळत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुलांना रागावतानाही वडीलधारी माणसे हेच सांगतात. बागेच्या कामात मात्र ही गोष्ट अर्धीच खरी आहे. जाड बुंध्याचे, बेढब वाढलेले, कोणी विकत न घेतलेले झाडही योग्य जागी कापले, त्याच्या मुळांची नीट व्यवस्था लावली आणि चार-पाच वर्षे धीर धरला, तर उथळ कुंडीत सुरेख उभे राहते. अशा झाडाला बोनसाय म्हणतात. बोनसायच्या जाणकारांना कोवळ्या रोपापेक्षा असे थोराड झाडच जास्त हवे असते. ते का, आणि त्याचा आपल्या कष्टकरी कुटुंबांशी काय संबंध, हे आज वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

बोनसाय म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू, असा आपल्यापैकी अनेकांचा समज आहे. किंमत पाहिली तर तो समज चुकीचाही नाही. पण ते झाड घडते कशाने? कलम बांधणारा हात, सिकेटर चालवणारा हात, मुळे न दुखवता पिशवी फाडणारा हात, यांनीच ते घडते. हे हात कोकणात कोणाचे आहेत, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

उरलेली झाडे येतात कुठून?

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावंतवाडी तालुक्यात तेरेखोल खाडीच्या काठी आरोंदा हे गाव आहे. आरोंदा-किरणपाणी पूल ओलांडला की गोव्याचा पेडणे तालुका लागतो. या पट्ट्यात माड, सुपारी, आंबा आणि काजू ही मुख्य झाडे. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ सालापासून या भागात काम करीत आहे. काजूच्या वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या जाती आणि आंब्याच्या रत्ना व सिंधू या जाती तिथल्याच. पुढे १९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू केला आणि कोकणात कलमांची मागणी एकदम वाढली. गावोगाव रोपवाटिका निघाल्या. फळझाडांबरोबर त्यात शोभेची झाडेही आली. पेडण्यात मोपा येथे विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. हॉटेले, बंगले, बगीचे यांच्यासाठी शोभेची झाडे नेणारी गिऱ्हाइके आता या बाजूला काही नवीन नाहीत.

रोपवाटिकेचा धंदा मात्र मृगावर चालतो. जून-जुलैत विकले गेले ते विकले गेले. उरलेले कलम पुढच्या वर्षी पिशवीत उंच होते, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी उंच. लागवडीसाठी कोणालाही वर्ष-दोन वर्षांचे सुटसुटीत कलम हवे असते, म्हणून हे थोराड झाड मागे पडते. पिशवीत मुळांना जागा राहत नाही. ती कडेने गोल गोल फिरतात, एकमेकांना आवळतात. काही झाडांची मुळे पिशवी फोडून खालच्या जमिनीत शिरतात. मग ते झाड तिथेच रुजते आणि त्याचा बुंधा मनगटाएवढा जाड होतो. मालकाच्या हिशेबी ते अडगळीचे. पावसाळ्यापूर्वी जागा मोकळी करताना ते उपटून टाकले जाते.

बोनसायसाठी नेमके हेच झाड हवे असते. बोनसायमध्ये सर्वांत उशिरा मिळणारी गोष्ट म्हणजे जाड बुंधा. फांदी दोन वर्षांत घडवता येते, पाने एका मोसमात लहान करता येतात, पण बुंधा जाड व्हायला वर्षेच जावी लागतात. शिवाय उथळ कुंडीत झाड फार सावकाश जाड होते. म्हणून बुंधा आधी जमिनीत किंवा मोठ्या पिशवीत वाढवायचा आणि मग ते झाड लहान करायचे, असा या कलेतला व्यवहार आहे. रोपवाटिकेत पडून राहिलेल्या झाडाने हे पहिले काम कोणी न सांगता करून ठेवलेले असते.

ही कला आली कुठून?

जपानी भाषेत 'बोन' म्हणजे उथळ भांडे आणि 'साई' म्हणजे लावणे. उथळ भांड्यात लावलेले झाड, एवढाच या शब्दाचा अर्थ. कलेचे मूळ चीनमध्ये आहे. तिथे तिला पेंजिंग म्हणतात. जपानमध्ये १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतील बोनसाय करणारे माळी शहर सोडून ओमिया येथे गेले आणि १९२५ साली तिथे त्यांची वसाहत उभी राहिली. ती आजही बोनसायचे गाव म्हणून ओळखली जाते.

या कलेतली एक हकिगत वाचकांना आवडेल. हिरोशिमा येथे यामाकी नावाच्या कुटुंबाकडे पाइन जातीचे एक बोनसाय होते. १६२५ सालापासून पिढ्यान्‌पिढ्या त्याची निगा राखली जात होती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी शहरावर अणुबॉम्ब पडला, त्या वेळी हे झाड घराच्या आवारात भिंतीआड होते. ते वाचले, कुटुंबही वाचले. १९७६ साली मासारू यामाकी यांनी ते झाड अमेरिकेला भेट दिले. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला! पण आपण कोठून आलो आणि झाडाने काय पाहिले, हे त्यांनी तिथे सांगितले नाही. २००१ साली त्यांचे नातू ते झाड पाहायला वॉशिंग्टनला गेले, तेव्हा ही गोष्ट सर्वांना कळली. ते झाड आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. मैत्रीभाव म्हणजे काय, हे सांगायला याहून वेगळे उदाहरण शोधायला नको.

आपल्याकडे मुंबईत निकुंज आणि ज्योती पारेख या दांपत्याने ही कला शिकवण्याचे मोठे काम केले आणि वड-पिंपळाच्या कुळातील आपल्या झाडांवर भर दिला. पुण्यात २०१८ साली प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने 'बोनसाय नमस्ते' हे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. कोकणातल्या गावांत मात्र, जिथे हवा, पाऊस आणि झाडे या तिन्ही गोष्टी या कलेला अनुकूल आहेत, तिथे ती अजून फारशी पोचलेली नाही.

झाड निवडताना

रोपवाटिकेत गेल्यावर पाने पाहू नयेत, बुडखा पाहावा. बोटाने वरची माती थोडी बाजूला सारावी. बुंधा जमिनीला टेकतो तिथे मुळे चारी बाजूंना पसरलेली दिसली तर ते झाड चांगले. एकाच बाजूला मूळ असेल किंवा एखादे मूळ बुंध्यालाच फास घालून बसले असेल, तर विचार करावा. बुंधा खाली जाड आणि वर निमुळता हवा. झेंड्याच्या काठीसारखा खालपासून वरपर्यंत सारखा असेल तर कापल्यावर तो खुंटासारखा दिसतो. खालच्या वीतभर भागात एखादी जिवंत फांदी असेल तर काम निम्मे सोपे होते.

नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. बुंध्याला भोके आणि खाली भुसा दिसला तर खोडकिडा लागला आहे असे समजून झाड तिथेच सोडावे. कलमी झाड असेल तर कलमाचा सांधा कोठे आहे ते आधी शोधावे. चिकूचे कलम रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, खुंटावर बांधलेले असते. सांध्याच्या खाली कापले तर पुढे फुटवा रायणीचा येईल आणि चिकू निघून जाईल.

कोणते झाड घ्यावे? नवशिक्याने वडाच्या कुळापासून सुरुवात करावी. वड, पिंपळ, उंबर, नांदरूक आणि शोभेची फायकस म्हणून विकली जाणारी झाडे कितीही कापली तरी नव्याने फुटतात. आरोंद्यासारख्या दमट हवेत वडाला पारंब्याही लवकर सुटतात. बोगनवेल, कुंती, चिंच, बकुळ, चिकू ही दुसऱ्या पायरीची झाडे. आंबा आणि काजू यांची पाने मोठी, डोळे मोजके, म्हणून त्यांत हात बसायला वेळ लागतो. माड आणि सुपारी यांचे बोनसाय होत नाही. त्यांना वाढीचा शेंडा एकच असतो. तो कापला की झाड मेले. फुटलेला नारळ पाण्यात ठेवून त्याला बोनसाय म्हणून विकतात. ती शोभेची वस्तू आहे, छाटून घडवलेले झाड नाही.

रानातले झाड खणून आणण्याचा मोह टाळावा. खाडीकाठची तिवरे तर कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना हातच लावू नये. रोपवाटिकेतली उरलेली झाडे, घराच्या भिंतीत किंवा गडग्यात उगवलेला आणि नाहीतरी काढावाच लागणारा वड-पिंपळ, एवढे आपल्याला पुष्कळ आहे.

कापणी : आधी काय, नंतर काय

या कामात घाई करणाऱ्यांची झाडे मरतात. नियम सोपा आहे. झाडाला एका वेळी एकच मोठा घाव द्यावा. वडाच्या कुळातील निरोगी झाडाचे वरचे छाटणे आणि मुळांचे छाटणे एकाच वेळी केले तरी ते सहन करते. इतर झाडांची या मोसमात फांदी छाटली तर मुळांना पुढच्या मोसमात हात लावावा.

मुळे पिशवी फोडून जमिनीत गेलेली असतील तर झाड एकदम उपटू नये. पिशवीखालची मुळे धारदार हत्याराने कापावीत आणि झाड तिथेच सावलीत दीड-दोन महिने पाणी देत ठेवावे. पिशवीत नवी तंतुमुळे धरली की मग हलवावे.

कोकणात वडाच्या कुळाचे काम मेच्या शेवटापासून जूनमध्ये करावे. हवेत ओल असते, उन्हाची तलखी कमी झालेली असते आणि फुटवा जोमाने येतो. बोगनवेलीचा बहर उन्हाळ्यात ओसरला की तिची कापणी करावी. चिंचेचे काम नवी पालवी फुटायच्या सुमारास करावे.

बुंधा कोठे कापायचा? कुंडीतले झाड शेवटी किती उंच हवे ते आधी ठरवावे. वीत-दीड वीत उंचीचे झाड हवे असेल तर बुंधा त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, एखाद्या जिवंत फांदीच्या किंवा डोळ्याच्या थोडे वर कापावा. काप तिरका द्यावा म्हणजे पाणी साचत नाही. मग जो नवा फुटवा सर्वांत जोरकस येईल त्यालाच शेंडा मानून वाढू द्यावे. तो पुरेसा जाड झाला की पुन्हा कापावा. असे दोन-तीन वेळा केल्यावर बुंधा खालून वर निमुळता दिसू लागतो आणि लहान झाडात मोठ्या वृक्षाचा भास होतो. या दोन-तीन कापण्यांनाच वर्षे लागतात. बाकीचे काम त्यामानाने हलके.

वडाला चीक येतो. ओल्या फडक्याने टिपला किंवा त्यावर राख दाबली की तो थांबतो. जाड घावावर बोर्डो पेस्ट लावावी. सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण आपले शेतकरी वापरतातच. पेस्टसाठी मोरचूद १०० ग्रॅम आणि कळीचा चुना १०० ग्रॅम, मिळून पाणी १ लिटर असे प्रमाण घ्यावे. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळे कालवून मग एकत्र करावेत. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडी नको. मोरचूद विषारी आहे, म्हणून मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.

वरचा भागही वाया घालवू नये

थोराड झाडाचा वरचा भाग कापून टाकण्याआधी त्यावर गुटी बांधता येते. लिंबू-डाळिंबाची गुटी आपल्याकडे अनेकांनी बांधलेली आहे, तीच ही रीत. पावसाच्या सुरुवातीला जिथे कापायचे त्या जागी एक इंच रुंदीची साल गोलाकार काढावी. तिथे भिजवलेला काथ्याचा भुसा किंवा शेवाळ गच्च बांधून वर प्लास्टिक गुंडाळावे. वडाच्या कुळात महिना-दीड महिन्यात मुळे दिसू लागतात. ती पुरेशी वाढली की खाली कापून वरचे झाड वेगळे लावावे. खाली बोनसायचा बुंधा, वर आयते मोठे रोप. एका टाकाऊ झाडाची दोन कामाची झाडे होतात.

मुळे, माती आणि पेटी

पिशवी काढल्यावर मातीचा गड्डा पाण्यात हलकेच सोडवावा. गोल फिरलेली मुळे उलगडावीत, उलगडत नसतील ती कापावीत. सरळ खाली जाणारे जाड सोटमूळ आखूड करावे, कारण उथळ भांड्यात त्याला जागा नाही. बाजूला पसरलेली बारीक तंतुमुळे जपावीत. झाडाला पाणी आणि अन्न तीच पुरवतात. काम सावलीत करावे आणि मुळे ओल्या गोणपाटात ठेवावीत. वाऱ्यावर सुकलेली मुळे पुन्हा जिवंत होत नाहीत.

पहिली दोन-तीन वर्षे महागडी कुंडी घेऊ नये. आंब्याची लाकडी पेटी यासाठी उत्तम. तळाच्या फटींवर जाळीचा तुकडा ठेवावा आणि झाड तारेने किंवा सुतळीने पेटीला घट्ट बांधावे. वाऱ्याने बुंधा हलत राहिला तर नवी मुळे तुटतात. जुने घमेले तळाला भोके पाडून घेतले तरी चालते.

आपली तांबडी माती पावसात चिकट होते, म्हणून नुसती ती वापरू नये. जांभ्या दगडाची किंवा विटेची बारीक खडी, नदीची जाड वाळू, जुने शेणखत आणि काळे भाजलेले भाताचे तूस यांचे मिश्रण करावे. त्यात खडी-वाळूचा वाटा निम्म्याहून जास्त हवा. पाणी ओतले की ते लगेच खाली उतरले पाहिजे. खाडीची वाळू घेऊ नये, ती खारट असते. काठच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर तेही टाळावे. पानांच्या कडा करपू लागल्या तर अनेकदा खार हेच कारण असते.

लावल्यावर तीन-चार आठवडे झाड सावलीत ठेवावे, पानांवर पाणी शिंपडावे, खत देऊ नये. नवी पाने पक्की झाली की हळूहळू उन्हात आणावे आणि मग थोडे थोडे खत द्यावे. आपल्याकडचा पाऊस लक्षात घेऊन पेटी दोन चिऱ्यांवर उचलून ठेवावी, पागोळ्यांखाली ठेवू नये. उन्हाळ्यात उथळ भांडे लवकर सुकते. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी लागते. घर बंद करून सगळे लग्नाला गेले आणि शेजाऱ्यांना सांगायचे राहिले, तर वर्षांचे काम दोन दिवसांत जाते.

फांद्यांना वळण द्यायला अॅल्युमिनियमची तार वापरतात. ती फार घट्ट गुंडाळू नये. पावसात वडाची फांदी झपाट्याने जाड होते आणि तार सालीत रुतते, म्हणून दर पंधरवड्याला पाहावे. काढताना तार उलगडू नये, तुकडे करून काढावी.

लोक काय म्हणतात

बोनसायविषयी तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला आक्षेप वास्तुशास्त्राच्या नावाने येतो. बोनसाय घरात ठेवले तर घराची वाढ खुंटते म्हणे! पिंपळ असेल तर त्यावर मुंजा राहतो म्हणे! कुंडीच्या आकाराचा आणि घरातल्या कमाईचा काही संबंध नाही, हे शाळेतले पोरही सांगेल. पिंपळाला आपल्या लोकांनी भ्यावे, याला तर काहीच अर्थ नाही. ज्या झाडाखाली तथागतांना संबोधी प्राप्त झाली, ज्याच्या वंशातले रोप भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधापूरहून आणल्यावर नागपूरच्या दीक्षाभूमीवर रुजले, ते झाड भयाचे कसे असेल? पिंपळाची पाने मोठी असल्याने त्याचे बोनसाय अंमळ अवघड आहे, एवढीच त्याची अडचण.

दुसरा आक्षेप नावाचा. मराठीत बोनसायला कोणी 'वामनवृक्ष' म्हणतात. वामनाने बळीला पाताळात घातले, ती कथा जोतीराव फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त नव्या नजरेने उलगडून दाखवली. ती नजर मिळालेल्या समाजाला हे नाव खटकले तर नवल नाही. आम्ही ते नाव वापरत नाही. 'बोनसाय' शब्दात कोणाला तुडवल्याचा अर्थ नाही.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. जिवंत झाडाला मुद्दाम लहान का ठेवायचे? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मुद्दाम लहान ठेवले गेले, त्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आम्हीही त्यावर पुष्कळ विचार केला. झाडाला माणसासारखी आकांक्षा नसते, म्हणून माणसाची तुलना झाडाशी करू नये. पण झाडाला आरोग्य असते. पिशवीत मुळे आवळून तहानलेले उभे असते ते झाड खरे हालात असते. नीट छाटलेल्या, माती बदललेल्या, रोज पाणी मिळणाऱ्या बोनसायला दरवर्षी नवी पालवी येते, फुले-फळे धरतात. ते शतकेही जगू शकते, हे यामाकींच्या झाडाने दाखवले आहे. तरीही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ज्याला जमीन आहे त्याने झाड जमिनीतच लावावे. विहाराच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, शाळेत जागा असेल तर पिंपळाला तिथेच वाढू द्यावे. बोनसाय हे ज्याला जमीन नाही त्याचे झाड आहे. आपल्या किती कुटुंबांच्या नावावर अंगणापलीकडे जमीन आहे, हा प्रश्न इथे आपोआप येतो. गावातल्या वाडीचे अंगण असो की मुंबईच्या चाळीची गॅलरी, दोन चिऱ्यांएवढ्या जागेत एक वड उभा राहू शकतो आणि घर बदलले तर तो बरोबर नेता येतो.

हिशेब आधी, उत्साह नंतर

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पोटासाठी कारकुनी करणारे. म्हणून हिशेबाचे दोन शब्द लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. बोनसायमधून झटपट पैसा मिळतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. यात मिळकत चार-पाच वर्षांनी दिसते, तीही काम बरे झाले तर. कर्ज काढून हा उद्योग करू नये. पाच उरलेल्या झाडांपासून सुरुवात करावी. त्यातली एक-दोन मरतील हे आधीच खर्चात धरावे.

एक वही घालावी. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. झाड कोठून, किती पैशांना आणले, कोणत्या तारखेला काय कापले, माती केव्हा बदलली, पेटी, तार आणि खत यांवर काय खर्च झाला, आणि आपण किती तास दिले, हे सगळे लिहावे. शेवटचा रकाना आपले लोक नेहमी कोरा सोडतात. आपल्या मेहनतीचे तास मोजायचे नाहीत, ही सवय मालकाच्या फायद्याची आहे, आपल्या नाही. विकायची वेळ येईल तेव्हा ही वहीच झाडाची किंमत सांगेल. चार-पाच वर्षांची नोंद असलेले झाड आणि नुसती सुंदर दिसणारी कुंडी, यांत जाणकार गिऱ्हाईक फरक करते.

झाड विकायचे नसले तरी हे कसब विकता येते, ही याहून महत्त्वाची गोष्ट आहे. पुलापलीकडे गोव्यात बागकामाला जाणारा तरुण 'हेल्पर' म्हणून लागतो आणि वर्षानुवर्षे हेल्परच राहतो. झाडाला पाणी घालणारा आणि झाड घडवणारा यांच्या मजुरीत फरक असतो. रोपवाटिकेत कलमे बांधणाऱ्या आमच्या भगिनींच्या हातात निम्मे कसब आधीच आहे. सांधा ओळखणे, साल न फाटू देता काप देणे, मुळे जपणे हे त्यांना कोणी शिकवायला नको. उरलेले निम्मे त्यांनी मिळवले तर त्यांच्या कामाला नाव मिळेल, आणि ज्या कामाला नाव असते त्याचा भाव करता येतो. बचत गटाच्या चार-पाच जणींनी मिळून उरलेली झाडे एकत्र घ्यावीत, पाण्याच्या पाळ्या लावाव्यात, म्हणजे एकीच्या घरी कार्य निघाले तरी झाडे सुकणार नाहीत.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते, तिथे बोनसायही मांडलेली असतात. आपल्या मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे जाणे होईल तेव्हा अशी प्रदर्शने मुलांना घेऊन जरूर पाहावीत. झाडाच्या पुढून पाहून झाले की बाजूने पाहावे, बुडख्याकडे पाहावे, जुने काप कोठे दिले आहेत ते शोधावे. ज्याला काप ओळखता आला त्याला निम्मी कला समजली.

येत्या मृगापूर्वी आपल्या गावच्या रोपवाटिकेत एक फेरी मारा. मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ, पिशवी फोडून जमिनीत शिरलेले एखादे फायकस किंवा नांदरूक उभे असेल. मालकाला ते काढायचेच असेल. त्याला विचारून, रीतसर पैसे देऊन ते घ्या. आधी बुडखा पाहा, मग पिशवीखालचे मूळ कापा, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला.